पाच मिनिटांची जुळणी

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत शिरलं की डाव्या हाताला एक वजनकाटा लागतो आणि त्याला चिकटून चौगुल्यांचं कँटीन. दर गुरुवारी सकाळी, पहिली पाळी मार्गी लागली की, आसपासचे छोटे कारखानदार तिथं चहाला जमत. या जमण्याला नाव नव्हतं, वर्गणी नव्हती, अध्यक्षही नव्हता. 'गुरुवारी काट्यावर ये' एवढंच निमंत्रण. कुणाला गॅल्व्हनायझिंग करून देणारा हवा असे, कुणाला ओतकामातला जाणता माणूस, कुणाची मुलगी लग्नाची असे. पहिला चहा संपेपर्यंत धंद्याचं बोलायचं नाही, हा एकच नियम होता आणि तो भूपाल मगदूमनं घालून दिला होता.

भूपालचा रबरी सील बनवायचा कारखाना होता. पंपाचा फिरता दांडा जिथून बाहेर येतो तिथून पाणी गळू नये म्हणून आत एक रबरी कडं बसवतात, ते तो बनवी. आणि अस्लम नदाफ पंप बनवी. ऐन तिशीत हे दोघं याच कँटीनमध्ये एका गळक्या पंपावरून कडाडून भांडले होते. भांडण मिटवायला पुन्हा भेटले, मग मिटल्यावरही भेटत राहिले. पुढं त्यांच्या टेबलाला दुसरं टेबल जोडलं गेलं, मग तिसरं. काटा सुरू झाला तो असा.

पन्नाशी ओलांडल्यावर भूपालला एक साधासा वाटणारा ताप आला आणि जाताना त्याच्या हृदयाचा स्नायू निकामी करून गेला. चेन्नईच्या एका रुग्णालयात कितीतरी महिने वाट पाहिल्यावर त्याच्या छातीत दुसऱ्या कुणाचं तरी हृदय बसवलं गेलं. कुणाचं, ते त्याला कधी कळणार नव्हतं. परत आल्यावर त्यानं सगळ्यांना बायपास झाली म्हणून सांगितलं. अस्लमलाही तेच सांगितलं. खरं काय ते फक्त बायको शैलजा आणि बंगळूरची मुलगी, दोघींनाच ठाऊक होतं.

लपवायला कारण होतं. सीलचं काम एकदा दिलं की गिऱ्हाईक त्या माणसाशी वर्षानुवर्षं बांधलं जातं. साचे त्याच्या मापाचे, चाचण्या त्याच्या रबरावर. ज्याच्या छातीत उसनं हृदय आहे त्याच्याशी कोण बांधून घेईल? डॉक्टर म्हणाले होते की नीट काळजी घेतली तर पंधरा-वीस वर्षं सहज निघतात. पण धंद्यातला माणूस त्यातलं 'सहज' ऐकणार नाही, वर्षांचा आकडा ऐकेल, हे भूपालला पक्कं माहीत होतं. कारण तो स्वतः तसाच ऐकणारा होता.

मग तो मास्क लावून काट्यावर येऊ लागला आणि धुळीचं कारण सांगू लागला. हात मिळवायचं टाळून नमस्कार करू लागला. शरीरानं नवं हृदय परकं समजून झिडकारू नये म्हणून रोज गोळ्या घ्याव्या लागत, आणि त्या गोळ्यांनी रोगाशी लढायची ताकदच कमी केलेली असे. उघड्यावरचं, कच्चं काही खायचं नाही, गर्दीत मिसळायचं नाही. लोकांना वाटलं, आजारपणानं माणूस जरा अलिप्त झाला. तेवढ्यावर निभलंही असतं, पण त्याच हिवाळ्यात तन्वी शिरगुप्पे काट्यावर आली.

तन्वी मूळची जयसिंगपूरची. पुण्यात शिकून तिथल्याच एका नव्या कंपनीत इंजिनिअर झाली होती. तिनं सोबत शर्टाच्या मोठ्या बटणाएवढे बिल्ले आणले होते. कंपनीनं त्यांचं नाव ठेवलं होतं 'ताल'.

चहा झाल्यावर तिनं समजावून सांगितलं. दोन माणसं मन लावून बोलू लागली की नकळत त्यांचे श्वास एका लयीत येतात. हृदयाची गतीही जोडीनं चढते, जोडीनं उतरते. आई आणि बाळ, भजनात बसलेली मंडळी, एका नावेतले वल्हेकरी, सगळ्यांच्या बाबतीत हे पूर्वीच मोजलं गेलं होतं. हा बिल्ला अगदी आखूड रेडिओलहरी सोडतो. त्या छातीवर आपटून परततात. प्रत्येक ठोक्याला छाती केसभर हलते, ते हलणं लहरींमध्ये उमटतं. समोरासमोर बसलेल्या दोघांचे बिल्ले आपापसांत ताडून पाहतात आणि पाच मिनिटांनी निकाल देतात. लय जुळली तर हिरवा दिवा, अर्धवट जुळली तर पिवळा, नाहीच जुळली तर अंधार. कंपनीनं भागीदारांच्या कितीतरी जोड्या काही वर्षं तपासल्या होत्या. हिरव्या जोड्यांपैकी बहुतेक टिकल्या होत्या, अंधाऱ्यांपैकी बहुतेक मोडल्या होत्या.

"पाच मिनिटंच का?" कुणीतरी विचारलं.

तन्वी म्हणाली की समोरच्यावर भरवसा ठेवायचा की नाही, हे माणसाचं शरीर तेवढ्यात ठरवून टाकतं. नंतर आपण फक्त कारणं शोधतो.

लोकांनी खेळ म्हणून बिल्ले लावले. पॅकिंगची खोकी बनवणारे घाटगे आणि त्यांचे कायमचे प्रतिस्पर्धी समोरासमोर बसले तर चक्क हिरवा दिवा लागला. सगळे खळखळून हसले. मग आग्रह झाला की काट्याच्या मूळ जोडीनं बसायला हवं. भूपाल आणि अस्लम समोरासमोर बसले. अस्लमनं जुना गळका पंप काढला, भूपालनं त्याला साजेसं उत्तर दिलं, आजूबाजूला हशा उसळला. पाच मिनिटं झाली. दोघांच्याही छातीवर काही उजळलं नाही.

"यंत्र बिघडलंय," अस्लम म्हणाला.

बिल्ले बदलले. पुन्हा तेच झालं. भूपालही सगळ्यांबरोबर हसला. अस्लमला कुणीतरी दुसऱ्या टेबलावर ओढून नेलं आणि तिथं पाच मिनिटांत त्याचा दिवा पिवळा झाला. भूपाल आपल्या जागी चहाचा रिकामा ग्लास फिरवत राहिला. आणि मग, सगळे पांगल्यावर, त्याचं हृदय जोरजोरात धडधडू लागलं. समोरची खुर्ची रिकामी होती.

पुढच्या तपासणीला चेन्नईला गेल्यावर त्यानं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी कागदावर हृदय काढलं आणि त्याला जोडणाऱ्या दोन रेघा खोडल्या. मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या मज्जातंतूंच्या या तारा. शस्त्रक्रियेत त्या तुटतात. रक्तवाहिन्या शिवता येतात, या तारा शिवता येत नाहीत. तरी नवं हृदय चालतं, कारण ठोके द्यायची सोय त्याच्या आतच असते. पण बाहेर काय चाललंय हे त्याला कळत नाही. तुम्ही हसलात, रागावलात, कुणी जिवाभावाचं भेटलं, तर इतरांचं हृदय तत्क्षणी दाद देतं. तुमचं एका ठरावीक गतीनं चालूच राहतं. मग शरीरातल्या ग्रंथी रक्तात रसायन सोडतात, ते रक्ताबरोबर हृदयापर्यंत पोचतं, तेव्हा कुठं त्याला बातमी लागते. त्यात काही मिनिटं जातात. तारा कधी कधी पुन्हा उगवतात, थोड्याफार, काही वर्षांनी. प्रत्येकाच्याच उगवतील असं नाही.

"म्हणजे बातमी पोचते, पण उशिरा," भूपाल म्हणाला.

"हो. फोन तुटलाय, टपाल चालू आहे," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या प्रवासात भूपालला बराच वेळ बरं वाटत राहिलं. दोष आपल्यात नाही, तारेत आहे, एवढं तरी समजलं होतं. पण ही गोष्ट सांगायची कुणाला, हा प्रश्न जिथल्या तिथं होता.

सहा-आठ महिन्यांत खेळ संपून रिवाज सुरू झाला. काट्यावर येणारा प्रत्येकजण बिल्ला लावून येऊ लागला. मोठ्या कंपन्यांचे खरेदी अधिकारी नव्या पुरवठादाराला भेटताना पहिली पाच मिनिटं हवापाण्यावर बोलत आणि हळूच छातीकडे नजर टाकत. माणसं दिवे बघून टेबलं बदलू लागली. पहिला चहा संपेपर्यंत धंद्याचं न बोलायचा नियम आपोआप गेला, कारण चहा येण्याआधीच निकाल लागलेला असे. याचा फायदाही झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. घाटग्यांनी प्रतिस्पर्ध्याबरोबर भागीदारी केली आणि ती उत्तम चालली. काही गोडबोले लोक उघडे पडले. लोक म्हणत, आधी हे यंत्र असतं तर किती जण बुडायचे वाचले असते.

भूपालच्या टेबलावर मात्र कुणी थांबेना. नवा माणूस येई, ओळख सांगे, नेमाची पाच मिनिटं बसे, छातीकडे बघे आणि कुणाची तरी आठवण झाल्यासारखं करून उठे. उद्धटपणा कुणीच केला नाही. उठताना बहुतेकजण 'भेटू परत' म्हणत. तो माणूस दुसऱ्या टेबलावर स्थिरावला की इकडं भूपालचं हृदय त्याच्या स्वागताला धावू लागे. भूपाल तेव्हा ग्लास खाली ठेवून वजनकाट्यावर चढणाऱ्या ट्रककडे बघत बसे. बिल्ला न लावता येऊन पाहिलं, तर लोकांना वाटलं हा काहीतरी लपवतोय. तो लपवतच होता.

अस्लम पहिले काही गुरुवार मुद्दाम त्याच्याजवळ बसला. पण अस्लमलाही माहीत होतं की आपला दिवा विझलेला राहतो आणि लोक तो बघतात. मग तो उभ्या उभ्या बोलून पुढं जाऊ लागला. त्या वर्षी अस्लमला आखाती देशात पंप पाठवायचं मोठं काम मिळालं होतं. त्याचे सील भूपालकडूनच जाणार, यात भूपालला शंका नव्हती. ते काम सांगलीच्या एका तरुण कारखानदाराला गेल्याचं त्याला घाटग्यांकडून कळलं, तेही त्यांनी सहज म्हणून सांगितलं तेव्हा. अस्लमनं त्याला सांगितलं नाही आणि त्यानंही अस्लमला विचारलं नाही.

अशाच एका दुपारी तन्वी त्याच्या कारखान्यात आली. साच्यातलं रबर तापवून दाबणारे प्रेस चालू होते, रबराचा जळका वास भरला होता. ती म्हणाली की कंपनीकडं येणाऱ्या नोंदींमध्ये एक बिल्ला तिला अनेक महिने बुचकळ्यात टाकत होता. सगळ्यांच्या हृदयाची रेघ बोलताना वरखाली होते. या एका माणसाची सपाट असते आणि संभाषण संपल्यावर, समोर कुणी नसताना, ती चढू लागते.

"काका, मी डॉक्टरी वाचली थोडी," ती म्हणाली. "तुमची बायपास झालेली नाही ना?"

भूपालनं तिला ऑफिसात बसवलं, दार लोटलं आणि घराबाहेर कुणालाच न सांगितलेलं तिला सांगितलं. तन्वीचे डोळे भरून आले. हे यंत्र बनवताना अशा माणसाचा विचार कुणीच केला नव्हता, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मग तिनं उपाय सुचवला. कंपनी वैद्यकीय सवलत देऊ शकते. त्याच्या बिल्ल्यावर निळा दिवा कायम लागेल. म्हणजे या माणसाची लय मोजू नये, कारण वैद्यकीय आहे.

"म्हणजे सगळ्यांना कळेल."

"काय आजार आहे ते नाही कळणार."

"ते तर आणखी वाईट," भूपाल म्हणाला. "प्रत्येकजण आपापल्या मनानं आजार ठरवेल."

पाच मिनिटांऐवजी त्याच्यापुरती अर्ध्या तासाची जुळणी करता येईल का, असं त्यानं विचारलं. तन्वी म्हणाली की करता येईल, पण समोरचा तेवढा वेळ बसला पाहिजे. ती निघताना भूपालनं तिच्याकडून एक जादा बिल्ला मागून घेतला.

तो त्यानं शैलजासाठी घेतला होता. आपण हे का करतोय, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. शैलजा चेन्नईत त्याच्या उशाशी बसून राहिली होती, आणि तिथल्या व्हरांड्यातून फोनवर तिनं सगळा कारखाना चालवला होता. कोणता साचा कुठल्या कपाटात आहे, हे त्याच्याइतकंच तिलाही ठाऊक होतं. डॉक्टरांनी खोडलेल्या रेघांची गोष्ट त्यानं तिला सांगितलेली होती. तरी संध्याकाळी ती भाजी निवडायला बसली असताना त्यानं तिच्या पदराला बिल्ला लावला आणि समोर बसला.

"हे काय नवीन?" ती म्हणाली. "लावून काय होणार ते माहीतच आहे की."

"बघू तरी."

ती मुलीच्या फोनबद्दल बोलली, शेजारच्यांच्या गच्चीतल्या गळतीबद्दल बोलली. तो ऐकत होता, हुंकार देत होता. पाच मिनिटांनी बिल्ले तसेच राहिले. तसेच राहणार हे दोघांनाही माहीत होतं. शैलजानं खाली पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. क्षणभरच. लगेच ती हसली, म्हणाली, असल्या बटणाला काय कळतंय, आणि बिल्ला काढून त्याच्या हातात देऊन भाजी घेऊन आत गेली.

भूपाल तिथंच बसून राहिला. आतून नळाचा आवाज येत होता, मग कुकरचा. आणि मग त्याचं हृदय धावू लागलं, कधी नव्हे इतकं. त्याला वाटलं, उठावं आणि आत जाऊन तिचा हात या छातीवर ठेवावा. पण जे डोळ्यांनी दिसलं ते असं समजावून पुसता येणार नाही, असंही वाटलं. तो उठला नाही. ठोके हळूहळू आपल्या जुन्या चालीवर आले.

दुसऱ्या दिवशी तो अस्लमच्या कारखान्यात गेला. अस्लम चाचणीच्या हौदाजवळ उभा होता. नवा पंप हौदातलं पाणी उपसून पुन्हा हौदातच टाकत होता. भूपालनं पंप बंद करायला सांगितला आणि सगळं सांगितलं, तापापासून तारांपर्यंत. त्यानं मास्क काढला नव्हता, त्यामुळं अस्लम त्याच्या डोळ्यांकडेच बघत होता.

मग अस्लमनं विचारलं, "किती वर्षं म्हणतात डॉक्टर?"

विचारलं आणि त्याचा त्यालाच शब्द परत घ्यावासा वाटला. "मी मित्र म्हणून विचारतोय रे," तो घाईनं म्हणाला.

"नाही अस्लम. तू पंपवाला म्हणून विचारलंस. मीसुद्धा तेच विचारलं असतं."

अस्लम हौदाच्या कठड्यावर बसला आणि रडला. त्याचा एवढा मोठा देह हुंदक्यांनी हलत होता. आपल्यापासून लपवलं म्हणून तो रडत होता, आणि दिव्यावर विश्वास ठेवला म्हणूनही. सांगलीच्या पोराला शब्द देऊन बसलोय, तो मोडता येत नाही, हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. भूपालनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याचं स्वतःचं हृदय अजून निवांत होतं. मित्राला धीर देताना ते किती उपयोगी पडतंय, असं त्याला वाटून गेलं.

त्यानंतर अस्लम बदलला. भूपालला जिना चढू देईना. काट्यावर त्याच्यासाठी वाऱ्याच्या बाजूची खुर्ची राखून ठेवू लागला, त्याचा ग्लास स्वतः उकळत्या पाण्यानं विसळू लागला. गळक्या पंपावरून चिडवणं बंद झालं. भूपालनं एकदा मुद्दाम अस्लमच्या पंपाला नावं ठेवून पाहिली, तर अस्लम म्हणाला, "खरंय तुझं." भूपालला त्या दोन शब्दांनी जितकं एकटं वाटलं तितकं रिकाम्या खुर्चीनंही वाटलं नव्हतं.

अस्लमनं कुणाला मुद्दाम सांगितलं नसावं. पण त्याच्या काळजीवरूनच लोकांनी ओळखलं, आणि मग भूपालनं तन्वीला निळा दिवा द्यायला सांगितलं. आता लोक त्याच्याजवळ बसू लागले. पाच मिनिटांपेक्षा जास्त बसू लागले. कुणी आपल्या वडिलांच्या हृदयाच्या झडपेबद्दल सांगे, कुणी पथ्य विचारे, कुणी चांगला डॉक्टर कोण म्हणून विचारे. सगळे आपुलकीनं बोलत. सीलबद्दल कुणीही बोलत नसे. जुनी दोन गिऱ्हाईकं साच्यांची चौकशी करून गेली, म्हणजे 'पुढंमागं' ते साचे कुणाकडे असतील याची.

कारखान्यातले प्रेस एकेक करून थंड पडू लागले. वर्षानुवर्षं सोबत असलेली माणसं होती, ती थंड प्रेस पुसत बसत. ते बघून शैलजानंच विषय काढला.

"लोकांना तुमची भीती नाही वाटत," ती म्हणाली. "तुमच्यानंतर कोण, त्याची वाटते. मी आहे ना."

"तू जाशील काट्यावर?"

"जाईन की. दिवा लागला तर लागला."

भूपालनं विचार करायला वेळ मागितला. काटा त्यानं सुरू केला होता. तिथली प्रत्येक खुर्ची, चौगुल्यांचा दर हिवाळ्यात आल्याचा जास्त होणारा चहा, ट्रक चढला की टेबलावरचे ग्लास थरथरणं, हे सगळं त्याच्या आयुष्यात कारखान्याइतकंच जुनं होतं. शिवाय दोघं जोडीनं गेले तर काही उपयोग नव्हता. निळा दिवा शेजारी असला की लोक पुन्हा औषधांवरच बोलणार. जायचं तर तिनं एकटीनं, आणि त्यानं जायचं थांबवायचं. रविवारी त्यानं वकिलाला बोलावून शैलजाला बरोबरीची भागीदार केलं. त्यानंतरच्या गुरुवारी तिला काट्यावर सोडायला तोच गाडी घेऊन गेला.

ती उतरली. तिनं फिकट हिरव्या रंगाची साडी नेसली होती, हातात सीलच्या नमुन्यांची पेटी होती. रस्ता ओलांडताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. भूपालनं गाडी निघून जाण्यासाठी सुरू केली होती, पण तो गेला नाही. कँटीन तीन बाजूंनी उघडं होतं, समोरून सगळं दिसत होतं. घाटग्यांनी तिला नमस्कार केला. दोघं-तिघं उभे राहिले. अस्लमनं खुर्ची ओढून दिली आणि स्वतः तिच्यासमोर बसला. चौगुल्यांनी चहा आणला. शैलजानं पेटी उघडली नाही. ती बोलत होती. अस्लम ऐकत होता, मग अस्लम काहीतरी बोलला आणि तिनं ताडकन उत्तर दिलं असावं, कारण आजूबाजूची माणसं हसली आणि अस्लमही मान मागं टाकून हसला. तसा तो पूर्वी हसायचा.

मग तिच्या पदरावर हिरवा दिवा लागला. पाठोपाठ अस्लमच्या खिशावरही लागला. कुणीतरी टाळी वाजवली. शैलजानं छातीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा इतका उजळला की भूपालला तो रस्त्यापलीकडून दिसला. चेन्नईला जाण्याआधीचा होता तसा चेहरा. मग तिनं पेटी उघडली.

भूपालनं गाडी काढली. आत काही हललं नाही. ठोके नेहमीसारखे एकसुरी पडत होते. आपलं काम झालं, प्रेस पुन्हा तापतील, असं तो स्वतःशी शांतपणे म्हणाला. नदीवरच्या पुलाच्या अलीकडं पोचला असेल नसेल, तेवढ्यात पहिला ठोका चुकल्यासारखा झाला आणि मग हृदय असं काही उसळलं की त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. दार उघडून तो बाहेर आला आणि कठड्याला धरून उभा राहिला. यात आनंद किती आणि दुःख किती, हे त्याला उमगत नव्हतं. रक्तातून जी बातमी पोचली होती तिच्यात फक्त वेग होता.

थोड्या अंतरावर उसाची ट्रॉली उभी होती. बॅटरीवरच्या ट्रॅक्टरचा चालक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला पंचविशीतला माणूस, चार्जिंगची गाडी यायची वाट बघत रस्त्याकडेला उकिडवा बसला होता. तो उठून जवळ आला.

"काय होतंय काका? दवाखान्यात सोडू का कुणाला सांगून?"

भूपालनं मान हलवली. "नको. हृदय पळतंय जरा. थांबेल आपोआप."

"लय पळतंय?"

"दुसऱ्याचं आहे ते. माझं काढून टाकलं."

इतके महिने जे सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती ते असं सरळ निघून गेलं. चालकानं त्याच्या छातीकडे पाहिलं. तिथं निळा दिवा होता, पण चालकाला त्याचा अर्थ माहीत नव्हता.

"कुणाचं?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही."

चालकानं यावर थोडा विचार केला. मग ट्रॉलीतून एक ऊस ओढला, गुडघ्यावर मोडला आणि दातांनी सोलून एक कांडं भूपालपुढं धरलं. उघड्यावरचं, कच्चं काही भूपालला चालत नव्हतं. त्यानं ते कांडं घेतलं आणि हातात धरून ठेवलं. चालक शेजारी कठड्याला टेकला आणि आपलं कांडं चावू लागला. चार्जिंगची गाडी दुपारशिवाय काही येत नाही, आज काय घाई नाही, असं तो म्हणाला.

पुलावरून ट्रक जात होते. भूपालचं हृदय अजून धावत होतं, आणि तो माणूस अजून शेजारी उभा होता.